दुखतं का, विचारलं तिनं

नाही हो, गोंदण कसलं — पेनाच्या रेघा आहेत त्या. घासल्या तरी जात नाहीत मेल्या. लेकीनं काढल्यात. बघा, बघा, सोनोग्राफीच्या दाराशी पाय स्टुलावर टाकून बसलेय, आता काय झाकायचं राहिलंय — नाही, थांबा, ती चादर जरा इकडे ओढता का? हां. पोटरीवरून. बास. सवय हो ताई, दुसरं काय. पार्लर आहे माझं. दिवसभर उभं राहायचं, बायकांचे केस कापायचे, भुवया कोरायच्या. दुसरीच्या हनुवटीवरचा एक केस मला दारातून दिसतो, आणि स्वतःचे पाय? गुडघ्याखाली नुसत्या निळ्या-जांभळ्या गाठी, गांडुळं सोडल्यासारख्या. ह्यांनीसुद्धा उजेडात कधी बघितले नसतील. मोजे चढवलेलेच असतात माझे. कुणी विचारलं तर सांगायचं, मला बाई थंडी वाजते. भर उन्हाळ्यात!

तर लेक फिजिओथेरपी शिकतेय. परीक्षा आलीय तोंडावर — नुसतं वरून बघून, बोटांनी चाचपून सांगायचं असतं म्हणे, आत कुठं हाड, कुठं शीर, आणि वरून पेनानं आखून दाखवायचं. जिवंत माणूस लागतो त्याला. एकमेकींचे पाय चाचपून झाले, पण सगळ्यांचे पाय तरुण, गुळगुळीत. बाईंनी सांगितलं, वयस्क माणूस बघा. मग काय, घरचीच म्हातारी! रविवारी दोन मैत्रिणींना घेऊन आली. 'आई, मोजे काढ.' मी म्हटलं, तुझ्या बापाला बसव. तर ते आधीच पसार. शेवटी बसले दिवाणावर, गाऊन गुडघ्यापर्यंत — छे, गुडघ्याच्याही वर. डोळे भिंतीवर. काय सांगू, अंगाला नुसता घाम फुटलेला.

पण हात काय गोड तिचा! खरंच सांगते. गुडघ्याची वाटी हलवली, बाहेरच्या बाजूला एक टेंगूळ असतं ना हाडाचं, ते धरलं, मग नडगीवरून बोट सरळ खाली. घोट्यामागं दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटून घेतले — 'लागली नाडी.' असं तोंड उजळलं होतं. मी म्हटलं, हिला मी डोकं विंचरायला शिकवलं आणि ही आता माझी नाडी बघतेय. क्षणभर लाजही विसरले. आणि तेवढ्यात तिनं पोटरी दाबली. हीच. 'आई, इथे दुखतं का?'

काय म्हणाले असेन मी?

'नाही,' म्हणाले. हसून म्हणाले वर! आणि दुखत होतं हो. चार दिवस दुखत होतं, असं की सुरी फिरवावी. पण ती चष्मेवाली मैत्रीण वाकून बघत होती, त्या गाठींकडेच, आणि म्हटलं, 'हो' म्हणाले तर तिघी डोकी खुपसतील तिथं. दाबतील, एकमेकींना दाखवतील. 'नाही' म्हटलं की सुटलं. लेकीनं पुन्हा विचारलं बघा — 'नक्की? हा पाय जरा गरम लागतोय.' तर मी खेकसले, 'पंख्याखाली बसले नाहीये मी, गरम लागणारच! आटप आता.' मैत्रिणींसमोर. एवढीशी झाली बिचारी. रेघा काढल्या भराभर आणि मोजे हातात दिले माझ्या.

आज सकाळी पाय केळीच्या खांबासारखा. चपलेत शिरेना. तिनंच आणलं मला. डॉक्टर म्हणाले, शिरेत गुठळी दिसतेय, वर सरकली तर छातीत जाते. तपासणी करू, औषध लगेच सुरू करू. मला भीती वाटली? वाटली ना. पण ते नाही सांगत मी. ही पोर तिथे भिंतीला टेकून उभी होती, आणि म्हणते कशी — 'माझा हात होता आई तिथे. माझ्या हाताखाली होती ती. मला कळलीच नाही.' म्हटलं, अगं, होतं असं. बघा, तेव्हाही हेच म्हणाले — होतं असं! मगाशी म्हणाली, परीक्षेला बसत नाही. कॉलेज सोडते. ज्या हाताला आईचा पाय कळत नाही, तो लोकांवर कशाला ठेवायचा? आणि मी तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवतेय. तिच्या हाताला कळलं होतं हो! गरम लागतोय म्हणाली होती ना ती? तिचा हात खरा होता, माझं तोंड खोटं होतं. कशासाठी? तर चार गाठी कुणी बघू नयेत म्हणून. लेकीचं शिक्षण गेलं तरी चालेल, बाईसाहेबांच्या पोटऱ्या झाकलेल्या राहू देत!

तुम्हाला हे का सांगतेय, कोण जाणे. तुमची ओळख नाही ना, म्हणून जीभ सुटली. तिच्यासमोर ती टाळ्याला चिकटते. आत नेल्यावर सांगेन म्हणत होते, औषध चालू झाल्यावर सांगेन, घरी गेल्यावर —

आली बघा. पाण्याची बाटली घेऊन. डोळे बघा कसे झालेत.

ताई, तुम्ही जरा पलीकडच्या बाकावर बसता? राग मानू नका. नाही, नंतर नाही, आत्ताच उठा. तिला इथे माझ्याजवळ बसू दे.