बुरूज पडला अन् मी गेलो

...न्हाई, पण मला सांगा, टिप्परच्या ड्रायव्हरची दया कुणाला येती हो? हिरोची यायला पाहिजे का न्हाई? मी इकडं मान मोडूस्तोवर चित्रं काढून राहिलो, कंधारच्या किल्ल्यातून निघणारा आपल्या मातीतला सुपरहिरो, नाव बुरूज, अन् शक्ती काय, तर एकदा उभा राहिला की कुणाच्या बापाच्यानं हलायचा न्हाई! चोरीची वाळू घेऊन टिप्पर येतं, ह्याच्यावर आदळतं, टिप्परचा चुरा, हा जागच्या जागी! अन् आमचे केरबामामा, एसटीचे रिटायर ड्रायव्हर, माझे पहिले वाचक, पुस्तक मिटतात अन् म्हणतात, "सर, लई भारी हाय, पण... त्या ड्रायव्हरचं काय? हॉर्न देऊन बी माणूस हलंना, तर त्यानं काय करावं? नोकरी गेली ना गरिबाची!"

लई भारी हाय, पण! तुमाला सांगतो, मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो, आनंदराज सर म्हणतात मला, ह्या चित्रकथेचे तीन भाग काढले, अन् 'लई भारी हाय' म्हणून तिथंच गप बसला असा एक माणूस मला अजून भेटला न्हाई! शाळेतली पोरं म्हणतात, "सर, लई भारी, पण उडत काऊन न्हाई?" अरे बुरूज हाय तो, पतंग हाय का? लालमहंमद चाचा, स्टँडसमोरचे टेलर, त्यांनी तर चित्राला टेपच लावला! "सर, भोत अच्छा है, लेकिन ये ड्रेस को चेन किधर है? पहनता कैसा, निकालता कैसा?" म्हणलं चाचा, तो लढून राहिला दुष्टांशी! "लढने दो ना, लेकिन बगल में फटेगा." अन् घरी? घरी आमची विशाखा. "चांगलं हाय, पण ह्याचं लग्न झालंय का? दिवसभर उभा ऱ्हातो, मग डबा कोण देतं?"

मग मी बी पेटलो. तिसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर अख्खा किल्लाच घातला त्याच्या अंगावर! बुरूज ढासळला, इति समाप्त, बसा आता बोंबलत! अहो, तुमी जाणती माणसं, सुपरहिरो काय कायमचा मरतो का? चौथ्या भागात उठणारच की! त्या चौथ्याची पानं तयार होती, लातूरला प्रेसवर घेऊन गेलो. प्रेसवाल्यानं पहिलं पान उलटलं अन् म्हणला, "सर, लई भारी हाय, पण..." बास! पुढचं मी ऐकलंच न्हाई. पानं पिशवीत कोंबली, म्हणलं छापायचंच न्हाई आता, चुलीत गेला बुरूज! अन् एसटीत बसलो. खरं सांगतो, खिडकीकडं तोंड करून रडलो हो. जास्त न्हाई, एक माणूस, एकच माणूस 'पण' न लावता बोलला असता तर काय बिघडलं असतं?

अन् कंधारच्या स्टँडवर उतरतो तर काय... समोर हे एवढं मोठं फ्लेक्स! भावपूर्ण श्रद्धांजली! बुरूज हरपला! अन् फोटो कुणाचा? माझा!

आता हे कसं झालं ते मागून कळलं. आमच्याकडं तुमाला माहितीच हाय, वाढदिवस झाला फ्लेक्स, निवडून आला फ्लेक्स, पडला तरी फ्लेक्स! पोरांना वाटलं, आपला बुरूज गेला, त्याचं बी लावू. गेली सोमेशकडं, तो फ्लेक्स बनवतो. ह्या दीडशहाण्यानं बुरूजचा मुखवटा बघितला अन् म्हणला, "तोंड झाकलेल्याला कोण श्रद्धांजली देतं रे? कोण गेलंय ते पब्लिकला दिसायला नको?" अन् पुस्तकाच्या मागच्या पानावरचा माझा फोटो उचलून चिकटवला! वर हार बी घातला, चांगला टपोऱ्या झेंडूचा!

मी घाबरून विशाखाला फोन लावला. ती तिकडून ओरडती, "अहो, कुठं हाव तुमी? घर माणसांनी भरलंय! मी घसा फोडून सांगून राहिले की ते जित्ते हायत, लातूरला गेलेत, तर बाया मला धरून म्हणतात, रड माय, रड, हिला धक्का बसलाय!"

तेवढ्यात स्टँडवर माईक सुरू. शोकसभा! आता आपल्याच शोकसभेत कुठल्या तोंडानं जावं हो माणसानं? शिरलो समोर चाचांच्या दुकानात. दुकानात कुणीच न्हाई, चाचा बी तिकडंच गेलेले. कपडे घालून बघायला पडदा लावलेला हाय ना कोपऱ्यात, त्याच्या आड उभा राहिलो. अन् माईकवर कोण? केरबामामा!

"मी जन्मभर गाडी हाकली. ह्या वाळूवाल्यांना बघून रोज वाटायचं, ह्यांच्या आडवं कुणीतरी उभं ऱ्हायला पाहिजे. कुणीच उभं राहिलं न्हाई. सरांनी उभा केला! लई भारी माणूस होता..." मी श्वास रोखला. आता येतंय 'पण'. आता येतंय. "...लई भारी! आता चौथा भाग कोण काढणार हो?" अन् मामा हुंदके देऊन रडायला लागले!

न्हाईच आला 'पण'! पडद्याआड मी बी रडून राहिलो, नाक पुसायला काही सापडंना, कुणाच्या तरी शिवायला आलेल्या ब्लाउजच्या कापडाला पुसलं. अन् तिथूनच प्रेसवाल्याला फोन लावला, हळूच म्हणलं, उद्या पानं घेऊन येतो, छापा.

तर सभेला खुर्ची कमी पडली म्हणून चाचा दुकानात आले. कुजबुज ऐकून पडदा सारला, अन् समोर मी! चाचा भिंतीला चिकटले. "या अल्ला! सर! तुमे जिंदा है?" म्हणलं, हाव चाचा. त्यांनी अशी मिठी मारली की बरगड्या वाजल्या माझ्या. "भोत अच्छा हुआ सर, भोत अच्छा हुआ..." डोळे पुसले, मला वरून खालून बघितलं अन् म्हणले, "लेकिन..."

म्हणलं, चाचा, पुढं बोलू नका. तो पडदा ओढून घ्या. अजून दोन-चार जण बोलायचे हायत, तेवढी भाषणं मला मेलेलाच ऱ्हाऊन ऐकू द्या.