सिलेंडरमागचं तोंड

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावर विराजमान निवृत्त न्यायाधीश साहेब, विभागप्रमुख सर, फौजदारी न्यायाचा हा अभ्यासक्रम शिकवणारे गुरुजन, आज निरोप घेणारी मुलं-मुली आणि माझ्यासारखेच ओढून आणलेले पालकहो,

सगळ्यांना नमस्कार. पालकांच्या वतीने बोलायला माझं नाव कुणी दिलं, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, आमच्याच नातीने. ती बघा, तिसऱ्या रांगेत बसून स्वतःच्या चपलांकडे बघतेय. मी चौथीपर्यंत शिकलेली, लोकांचे कपडे शिवून पोरं वाढवलेली बाई. कंटाळा आला तर खुशाल घड्याळ बघा, मी रागावणार नाही.

आधी तक्रार मांडते. तीन वर्षांत तुम्ही आमच्या पोरीचं काय करून ठेवलंत हो? पूर्वी घरात पाऊल टाकलं की म्हणायची, "आजी, भूक लागली." आता म्हणते, "आजी, हे तू स्वतः पाहिलंस, की कुणी सांगितलं?" शेजारीण येऊन म्हणाली, आमची सून आळशी आहे. साधं आपलं बोलणं. तर ही आतून विचारते, "काकू, पुरावा काय?" शेजारीण महिनाभर फिरकली नाही. दूध उतू गेलं, तर पुसायचं सोडून हिचा प्रश्न, शेवटचं ओट्यापाशी कोण होतं? मीच होते, दुसरं कोण असणार? घर आहे की पोलीस ठाणं?

ते एक वेळ सोसलं. पण या वर्षी गुरुजनांनी मुलांना काम दिलं, घरातल्या कुणाचा तरी जबाब घ्या. कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे साक्षीदाराने पाहिलं ते, उजवीकडे त्याला वाटलं ते. उत्तर सुचवायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. आता घरात प्रसंग काय थोडे झाले? हिने नेमका काढला तो आमच्या सिलेंडरच्या चोरीचा.

ती चोरी अशी. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी आमच्या दारातून भरलेला गॅस सिलेंडर गेला. मी मशीनवर बसले होते. खिडकीतून पाहिलं, तर एक माणूस सिलेंडर खांद्यावर घेऊन चाललेला. मी ओरडत बाहेर येईपर्यंत तो गल्लीतून पसार. ठाण्यात हवालदाराने विचारलं, कुणावर संशय? मी म्हटलं, "कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यासारखा दिसत होता." तो म्हणाला, "तोच होता ना, आजी?" मी म्हटलं, "हो, तोच." त्याने लिहिलं, मी सही ठोकली. त्याच आठवड्यात इस्त्रीवाल्याने माझी नवी चादर जाळली होती, हेही सांगून टाकते. साहेब, तुम्ही चुळबुळ करू नका, तुम्ही निवृत्त आहात.

सिलेंडर काही मिळाला नाही. इस्त्रीवाल्यावर मात्र खटला उभा राहिला.

तर नात वही घेऊन समोर बसली.

"सिलेंडर कुठल्या खांद्यावर होता?"

"उजव्या."

"माणूस कुठून कुठे चालला होता?"

"खिडकीसमोरून, डावीकडून उजवीकडे."

"मग त्याची कुठली बाजू तुझ्याकडे होती?"

"उजवीच की. एवढंही कळत नाही का तुला?"

"आणि तोंड?"

"तोंड त्या सिलेंडरच्या..." म्हटलं आणि माझी जीभ तिथेच अडली.

तिने मान वर केली नाही. लिहीत राहिली. डावीकडे आलं, निळा सदरा, सिलेंडर, दोन पाय. बाकी सगळं उजवीकडे. इस्त्रीवालासुद्धा उजवीकडे. मी म्हटलं, "रेघ चुकीच्या जागी मारलीस." म्हणाली, "तू दाखव, कुठे मारू?" आता काय दाखवणार, कपाळ?

मला वाटलं, पोरगी म्हणेल, आजी, तू चुकलीस, जा आणि खरं सांग. चार दिवस वाट पाहिली. एक अक्षर नाही. शेवटी मीच कावले. "अगं, बोल ना! कोर्टात काय सांगू मी?" तर म्हणते, "मी सांगितलं तर तू शिकवलेली साक्षीदार होशील. ते चालत नाही." एरवी चहात साखर किती घालायची, हे मला शिकवते! आणि नको तिथे हिचं तोंड बंद!

माझ्या मुलाचं तर भलतंच. "आई, जबाबात आहे तेच म्हण. बदललंस तर सरकारी वकील तुला फितूर ठरवतील." फितूर! या वयात! मी विचारलं, "मग त्या इस्त्रीवाल्याचं काय?" म्हणाला, "त्याचं तो बघेल." तो बघतोच आहे हो. दर तारखेला टेबल झाकून कोर्टाच्या बाकावर जाऊन बसतो. उरलेल्या दिवशी टेबल उघडं असतं, पण कपडे कोण टाकतं? त्याची बायको माझ्या खिडकीसमोरून जाताना चाल वाढवते. म्हणून मी खिडकीला पडदा लावला. शिवताना अंधारात सुईत दोरा ओवता येत नाही, तरी लावला.

गुरुजनहो, तुम्ही मुलांना प्रश्न विचारायला शिकवलंत. उत्तर सापडल्यावर समोरच्या म्हातारीने काय करायचं, त्याचा तास कोण घेणार?

मुलांनो, तुमच्यातले कुणी पोलिसात जाल, कुणी वकील व्हाल. समोरच्या बाईला "तोच ना?" असं विचारू नका. समोर खाकी, मागे रांग, डोक्यात राग. बाई हो म्हणून जाते. पण हवालदाराच्या अंगावर मी सगळं ढकलत नाही. विचारलं त्याने, हो म्हणाले मी.

उद्या तारीख आहे. मला समन्स आलंय. नात मागच्या बाकावर बसेल, पण खूण सोडाच, माझ्याकडे बघणारही नाही, असं तिने आधीच बजावलंय. मुलगा येत नाही म्हणतो. नको येऊ दे. फितूर तर फितूर.

आपण मला बोलू दिलंत, खुर्ची दिलीत, पाणी ठेवलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल तर माफी असावी, असं शेवटी म्हणायचं असतं. म्हटलं. तुमच्यासमोर म्हणायला माझं काही जात नाही, तुम्ही मला संध्याकाळपर्यंत विसराल. उद्या अकरा वाजता ज्या इस्त्रीवाल्यासमोर उभी राहणार आहे, त्याला हेच माफीचे शब्द म्हणायला माझं तोंड उघडेल की नाही, कोण जाणे. मी चोराचं तोंड पाहिलं नव्हतं, एवढं मात्र सांगून येणार आहे.

बसते मी.