जिन्यात बसून ऐकलेलं

अगं, कुजबुजतेस कशाला? मोठ्यानं बोल. अण्णा समोर बसलेत म्हणून? त्यांना नाही ऐकू येत — अजिबात नाही. हे बघ, ताट आपटते... बघितलंस? मटर सोलणं थांबलं का? नाही थांबलं. आमच्या घरात आता माणसाबद्दल त्याच्या तोंडावर बोलता येतं, एवढी एक सोय झाली. बस तू. खिडकीत नको, गंगेवरून वारा येतो. तर काय म्हणत होतीस — आमच्या लॅबमध्ये यायचंय, एमएस्सीला पहिली आलीस, सगळं ठीक. पण बकुळ, घरी सांगितलंस का? अंड्यांचं? नाही ना? वाटलंच मला. ब्रह्माघाटावरचं घर आणि कोंबडीची अंडी! तुझी आई बाजारातून आलेल्या भाजीवरसुद्धा गंगाजल शिंपडते, घाटामागच्या सगळ्या पक्क्या महालाला, गल्लीगल्लीला ठाऊक आहे.

पण अंड्यावाचून आमचं काम होत नाही, ते आधीच सांगते. कवचाला इवलीशी खिडकी पाडायची — आत पिल्लू घडत असतं, कान घडत असतो, कानापासून मेंदूपर्यंत ऐकण्याची वाट तयार होत असते. आणि त्या वाटेवरच्या पेशी काही आपोआप नाही घडत हं, त्यांना घडवावं लागतं. कोण घडवतं? ग्रोथ फॅक्टर. म्हणजे काय, तर आसपासच्या पेशींकडून येणारी प्रथिनं — इतकीशी, पण वेळेवर. ती मिळाली तर पेशी जगते, तिला फांद्या फुटतात — खर्ज ऐकणाऱ्या पेशीला लांब आणि मोजक्या, बारीक आवाज ऐकणारीला आखूड आणि पुष्कळ. आम्ही कुठे तो घटक वाढवतो, कुठे अडवतो, आणि फांद्या कशा बदलतात ते बघतो. पंगतीसारखं आहे गं — पान मांडलंय तोवर वाढलं तर वाढलं. पंगत उठल्यावर बासुंदीचं भांडं घेऊन आलीस तर कुणाला वाढशील? आणि बघायचं म्हणजे — तेच तर सांगतेय — बघायचं तर पिल्लू मारावं लागतं. हो. बाहेर येण्याआधीच. म्हणून म्हणते, घरी सांग.

मी सांगितलं होतं. अण्णांसमोर उभी राहून. घनपाठी माणूस — ऋग्वेदाचे शब्द पुढून, मागून, पुन्हा पुढून गुंफत म्हणायचे, पुस्तक न उघडता — दुर्गाघाटावरच्या या खोलीत बसून आयुष्यभर पोरांना तेच शिकवलं. त्यांना म्हटलं, अण्णा, अंडी फोडावी लागतात, आत जीव असतो. काय म्हणाले? "घरी आलीस की आधी नहा." बस, इतकंच! मी तर हवेतच. केवढ्या मोठ्या मनाचे माझे वडील, म्हणून जगाला सांगत फिरले. आणि ते पंचगंगा घाटावर जाऊन माझ्या नावानं प्रायश्चित्त घेत होते. रोज. थंडी नाही, धुकं नाही. मला कसं कळलं? घाटावरचा विश्वेश्वर पंडा बोलला, तंबाखू मळता मळता — "शास्त्रीजी तो बिटिया के नाम का संकल्प करते हैं, भ्रूणहत्या का।" असं. जसं काही भाजीचा भाव सांगतोय.

तोवर अण्णांचे कान गेलेच होते. आधी कानात शीळ वाजायची म्हणे, मग ऐकू येणं कमी होत गेलं. आणि यांनी काय धरून ठेवलं मनात? की मुलगी ऐकण्याच्या वाटेवरचे जीव मारते, म्हणून शिक्षा कानाला — आणि ती आपल्याला मिळतेय तर बरंच झालं, पोरीची टळली. बोलावं, उपाय करावा, आणि ती शिक्षा पुन्हा पोरीकडे वळली तर? म्हणून गप्प. लपवलं कसं म्हणशील तर — मानेनं. वेद शिकताना स्वराबरोबर मान हलते ना, खालचा स्वर आला की खाली, वरचा आला की वर. लहान पोरांची तर गुरू डोकं धरूनच हलवतात. अण्णा पोरांच्या माना बघायचे. मान चुकली की टिचकी. पोरं म्हणायची, गुरुजींचे कान काय तिखट आहेत! मलाही तसंच वाटायचं, बघ. याच विषयावर पेपर लिहिणारी मी.

मग काय... कळलं तेव्हा नेलं, तर डॉक्टर म्हणाले, कानातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी गेल्या, त्यांच्याकडून नसेला जे पोषण मिळायचं ते तुटलं, मागोमाग नसही सुकली. मला सांगत होते! मी मान डोलावत होते, जसं काही पहिल्यांदाच ऐकतेय. आधी आणलं असतं तर यंत्रानं काही भागलं असतं, आता यंत्र बसवून आवाज पोचवायचा कुणाकडे? प्राण्यांमध्ये तो घटक कानात सोडून नस जगवलीय लोकांनी, माणसाच्या हातात द्यावं असं औषध अजून नाही. अण्णा विचारतात ना, "तुमचं ते निघालं का?" — पाटीवर लिहिते, अजून नाही. शिक्षा नाही हो ही, असंही लिहिलं. वाचलं, हसले, आणि धोतराच्या सोग्यानं पुसून टाकलं.

आणि वेद म्हणणं बंद केलं त्यांनी. एकदम. आपलाच स्वर कानावर पडत नाही, मग चुकला तर कळणार कसा — आणि चुकीचा स्वर म्हणजे पाप. पोरांना दुसऱ्या गुरुजींकडे धाडलं. सकाळी या घरात कधी शांतता नव्हती गं, मी जन्मले तेव्हापासून नव्हती. आता नळाचं पाणी तेवढं ऐकू येतं.

नाही, रडत नाहीये. थांब, तुला एक सांगते — कुणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. मला येतं. ते म्हणायचे ते सगळं. मुलीला कोण शिकवणार? पोरं बसली की मला बाहेर काढायचे, मी या जिन्यात बसायची, तिसऱ्या पायरीवर. ऐकून ऐकून बसलं. अण्णांना ठाऊक नाही. एक दिवस त्यांच्यासमोर म्हणून दाखवायचं होतं. रागावतील की जवळ घेतील, ठरत नव्हतं म्हणून लांबवत गेले... पाटीवर लिहू? लिहिता येईल की. पण ते म्हणतील, म्हण. आणि मी म्हणेन. आणि ते माझ्या तोंडाकडे बघत बसतील. तो चेहरा नाही बघवणार मला, बकुळ. नाही बघवणार.

खोटं वाटतंय? ऐक तर. थोडंसंच. त्यांना काय कळणार आहे — ऐक...

...

...बघतायत. थांब, बघतायत ते. काय अण्णा? — पाटी, पाटी दे ती इकडे! काय म्हणताय? मान? — बकुळ, विचारतायत, मान का अशी हलवतेयस, दुखतेय का. अगं, उभ्या जन्मात दुसरं काही पाहिलं नाही त्यांनी, हलणाऱ्या मानांशिवाय. आणि मुलीची मान हलली तर दुखतच असणार.

लिहिते. "हो. दुखतेय."

उठले बघ. राईचं तेल गरम करायला निघाले. जा तू आता. नको, काही बोलू नकोस, जा. दार ओढून घे.