आठ जीबी, बारा जीबी आणि एक शेरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले प्राचार्य डॉ. भालचंद्र पाठक सर, प्रमुख पाहुणे श्री. चंद्रशेखर वानखडे साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेले आपले प्रयोगशाळा सहायक श्री. जानराव हिवाळे, सौ. अन्नपूर्णाकाकू, धाड गावाहून आलेली हिवाळे मंडळी, माझे सहकारी आणि विद्यार्थ्यांनो,

माझ्या आधी चौघे बोलले. हिवाळेकाका मनमिळाऊ आहेत, वक्तशीर आहेत, एकतीस वर्षांत त्यांच्या हातून संगणक कक्षाची एक किल्लीही हरवली नाही, हे सारे सांगून झाले. मी त्यात भर घालणार नाही. काकांविषयी एक चुकीचे वाक्य मी कार्यालयीन कागदावर लिहिले होते. ते आज सकाळपर्यंत तसेच होते. काकांची सेवा आज संपते, म्हणून त्याचा निकाल आजच लागायला हवा होता. तेवढेच सांगायला उभी आहे.

चार वर्षांपूर्वी मी या तंत्रनिकेतनात नवी होते. संगणक कक्षासाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायचे होते. विद्यार्थ्यांना माहीत आहे, पण अन्नपूर्णाकाकूंसाठी सांगते: हा संगणकातला असा भाग, जो चित्रांचे काम आणि हजारो बेरजा-गुणाकार एकाच वेळी करतो. दोन कार्डे नमुना म्हणून आठ दिवसांसाठी आली होती. तुलनात्मक तक्ता मी केला. पहिल्या कार्डात गणना करणारे गाभे चार हजार आठशेच्या वर, दुसऱ्यात साडेतीन हजारांच्या आसपास. पहिल्याची मेमरी आठ जीबी, दुसऱ्याची बारा. पण पहिल्याची मेमरी जास्त वेगाने वाचली जाते. चाचणीत पहिले कार्ड सत्तावीस टक्के पुढे होते. अध्यक्ष महोदय, निरोपाच्या भाषणात टक्केवारी शोभत नाही, याची मला कल्पना आहे. पण हे आकडे तेव्हाही बरोबर होते आणि आजही बरोबर आहेत. अडचण तिथेच आहे.

तक्त्यात 'प्रयोगशाळेचे मत' असा एक रकाना असतो. काकांनी त्यात लिहिले, "दुसरे घ्यावे. त्यात माल जास्त मावतो."

मी विचारले, "काका, माल म्हणजे काय?"

"माल म्हंजे माल, मॅडम. जे भरतो ते. पयलं पळते जास्त, हे मलेबी दिसून राह्यलं. पन मावते किती, हे कोनी पाह्यलं का?"

"हे गोदाम नाही काका, कार्ड आहे. साठवायला हार्ड डिस्क असते."

"ते मले माईत आहे. आमच्या प्रेमच्या दुकानात..."

मी पुढचे ऐकले नाही. माझे वडील बुलडाण्यात मराठीचे शिक्षक होते. आमच्या घरी 'मले-तुले' म्हटले की वडील जेवणाच्या पानावरूनही दुरुस्ती करत. मला वाटले, ज्यांची भाषा अशी, त्यांचे ज्ञानही तसेच असणार. हे वाटणे मी तपासले नाही. एरवी मी सगळे तपासते. मी शेरा लिहिला: "प्रयोगशाळा सहायकास मेमरी व साठवण यांतील फरक ज्ञात नाही. मत विचारात घेण्यासारखे नाही." खाली सही आणि दिनांक.

पहिले कार्ड आले. पुढच्या खरेदी समितीत काकांचे नाव नव्हते. मत विचारणारे कागद त्यांच्याकडे येत राहिले आणि ते प्रत्येकावर एकच शब्द लिहीत राहिले: निरंक. मी तो शब्द चार वर्षे वाचला. काकांना काही सांगायचे नसेल, असाच अर्थ घेतला.

मागच्या वर्षी वरवट बकालच्या समताने प्रकल्प घेतला. कपाशीच्या पानाचा फोटो पाहून संगणकाने रोग सुरुवातीलाच ओळखायचा. सुरुवातीचा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा. समताने शेतात फिरून सहा हजार फोटो काढले. संगणकाला मात्र मोठे डागच कळायचे, ठिपके कळेनात. आम्ही दोन महिने प्रोग्राममध्ये चूक शोधत होतो. खरे तर मीच शोधत होते.

एका दुपारी काका तिच्यामागे उभे राहिले. "समता, फोटो लहान काऊन करून राह्यली बाई?"

"मोठे टाकले तं मशीन म्हन्ते, मेमरी भरली. मंग लहान करतो."

"आन् ठिपका?"

तिने लहान केलेला फोटो पडद्यावर ताणून पाहिला. ठिपका नव्हता. फोटो लहान केला की ठिपकाही पुसला जातो, हे आम्हा दोघींपैकी कोणी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी काका आम्हाला एसटीने धाडला घेऊन गेले. त्यांचे पुतणे प्रेम हिवाळे यांचे तिथे लग्नाच्या चित्रफिती तयार करण्याचे दुकान आहे. ते आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांच्याकडे ते दुसरे, बारा जीबीचे कार्ड होते. ते म्हणाले, "मॅडम, पयले आठ जीबीवालं होतं. मोठी फिल्म टाकली का नवरी हार घालाले हात वर करे आन् तशीच थांबे. नवरदेव मान वाकवून उभा! काकानं इथं बसून पाह्यलं, कार्ड कितीवर भरते ते." काकांना फरक ज्ञात होता. त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्याच दुकानाचे नाव घेताना मी त्यांना थांबवले होते.

पूर्ण आकाराचे फोटो त्या कार्डात मावले. अकरा जीबीपेक्षा थोडे जास्त भरले. संगणकाने ठिपके ओळखले. आपल्या कार्डावरही एका वेळी कमी फोटो देऊन काम होत होते, पण मग तेच मागे पडत होते. तेही मी मोजले.

एवढे होऊनही तो शेरा दुरुस्त करायला मला आजची सकाळ उजाडावी लागली. याला कारण नाही.

सकाळी मी प्राचार्यांची परवानगी घेऊन ती फाइल काकांपुढे ठेवली आणि शेरा खोडते म्हणाले. काकांनी माझा हात धरला. "खोडू नका मॅडम. खोडलं तं लोकाइले वाटीन, काईतरी लपवलं. खाली लिहा." मी खाली नवी नोंद लिहिली आणि सहीसाठी पुढे केली. तर म्हणाले, "मी पाह्यल्याशिवाय सही नाही करत." म्हणून नोकरीच्या शेवटच्या दिवशी, प्रेमभाऊंनी आणलेल्या मशीनवर आम्ही चाचणी पुन्हा लावली. काकांनी खुर्ची ओढून आकडे शेवटपर्यंत पाहिले आणि मग सही केली.

ती नोंद सभागृहासमोर वाचते: "पूर्वीचा शेरा चुकीचा आहे. श्री. हिवाळे यांचे मत तांत्रिकदृष्ट्या योग्य होते. तुलना करणारीने कार्डाचा वेग मोजला, कामाचा आकार मोजला नाही."

काका, मान हलवू नका. हे बोलणे आवश्यक आहे.

आयोजकांनी मला वेळ दिला, आपण सर्वांनी शांतपणे ऐकले, त्याबद्दल आभार मानते. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल तर सभागृहाने ते मोठ्या मनाने सोडून द्यावे. त्या शेऱ्यासाठी मात्र सभागृहाची क्षमा पुरणार नाही. काका, मी तुमचे वाक्य अर्ध्यात तोडले आणि उरलेले स्वतःच ठरवून लिहिले. मला माफ करा.