पुंगळी ओढणारं नख

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय मुकुंदराव, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, सत्कारमूर्ती बंदेनवाजचाचा, पहिल्या रांगेतल्या मुमताजचाची आणि आपल्या रायफल क्लबचे आजी-माजी नेमबाज,

चाचांनी एकतीस वर्षं क्लबच्या रायफली दुरुस्त केल्या. मला बोलायचंय ते एकाच पॉइंट टू-टू रायफलीबद्दल, त्यातही तिच्या एक्स्ट्रॅक्टरबद्दल. नव्या मुलांसाठी सांगते, गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी ओढून बाहेर काढणारं ते इवलंसं नख.

सोळा वर्षांपूर्वी मी वळसंगहून एसटीने सरावाला यायची. वडिलांनी एक वर्षाची मुभा दिली होती. निवड झाली तर पुढे, नाहीतर घरी. पुण्याला निवड चाचणीत त्याच रायफलीत माझी पुंगळी आत अडकली. गजाने ढकलून काढली, तर पुढची अडकली. वेळ संपली तेव्हा अकरा गोळ्या तशाच उरल्या होत्या.

घरी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." माझी रडारड कोण ऐकणार?

त्या रविवारी चाचा लुनावरून वळसंगला आले. चहा घेतला, वडिलांकडून तीच म्हण ऐकून घेतली, खिशातून काडेपेटी काढली, आणि त्यातलं ते झिजलेलं नख वडिलांच्या तळहातावर ठेवलं.

"पाटील, अंगण खरंच वाकडं होतं. ह्याची धार गेली हाय. मला महिन्याआधी दिसलं होतं. म्हटलं, स्पर्धेपुरतं चालंल. चूक पोरीची न्हाय, माझी हाय."

वडील बराच वेळ ते नख उलटंपालटं करत राहिले. मग म्हणाले, "आता काय करनार?"

"दुसरं करतो, ह्याच्यापेक्षा चांगलं. तवर पोरीला घरी बसवू नका."

पहिलं नवं नख मोडलं. दुसऱ्याने पुंगळीला ओरखडे पाडले. तिसऱ्यासाठी चाचांनी जाड पोलाद घेतलं, कानसीने आकडा खोल केला, आणि एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या निंगप्पांच्या भट्टीत त्याला पाणी देऊन घेतलं. मागची स्प्रिंगही कडक बसवली. आणि ते नख तपासायच्या दिवशी वडिलांना क्लबवर बोलावून माझ्या शेजारी पोत्यावर बसवलं.

मी गोळ्या झाडत गेले. वडील एकेक पुंगळी डब्यात टाकत कानडीत मोजत होते. दोनशे झाल्यावर ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "एकबी अडकली न्हाय की." पुढच्या वर्षी मी राज्याच्या संघात गेले.

वडील आता नाहीत. शस्त्रागारातला तो तेलाचा वास, चाचींनी डब्यात दिलेली गरम खारी, लुनाची फटफट, हे सगळं आज इथे बसल्या बसल्या आठवत होतं. वेळ जास्त घेतला, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहाने पोटात घालावं. ऐकून घेतल्याबद्दल ऋणी आहे.

एक गोष्ट मात्र मी मघाशी गाळली. पुण्याला आमच्यासोबत आलेल्या चाचांना मी क्लबच्या साऱ्या संघासमोर म्हणाले होते, "जमत नसेल तर घरी बसा ना." वळसंगला येऊन त्यांनी सगळा दोष स्वतःकडे घेतला, पण माझं हे वाक्य वडिलांना कधी कळू दिलं नाही. मीही त्यानंतर कधी विषय काढला नाही.

चाचा, मला माफ करा.