वारशासोबत आलेली

(प्राचीन अथेन्समधला कुंभारवाडा. दुपार. माडीवर ख्रिसिला हातमागापाशी विणत उभी आहे. तिची काकू मिका नुकतीच जिना चढून आली आहे.)

ख्रिसिला : बसा तरी, मिकाकाकू. उभ्या का?

मिका : बसते. पण हे ‘काकू’ किती दिवस चालवणार आहेस? तुझा काका तुला बायको म्हणून मागतोय. मग मी तुझी कोण लागते?

ख्रिसिला : मी गेले नव्हते मागायला. बाबांना जाऊन महिना झाला नाही, तोच काकांनी न्यायाधिकाऱ्यापुढे दावा लावला.

मिका : कायदाच आहे तसा. मुलगा नसलेला माणूस गेला, की त्याच्या मुलीला त्याच्या भावानं बायको करायचं. मग तिला नवरा असो, ती सुखानं नांदत असो. त्यांच्या लेखी तू आता एपिक्लेरोस.

ख्रिसिला : लहानपणी हा शब्द मला फार मानाचा वाटायचा. वारशाची धनीण, असं समजत होते मी. अर्थ नंतर कळला. वारशासोबत आलेली. मळा घेतला की त्यातली विहीर येते, तशी.

मिका : विहिरीला निदान कुणी नटवून आणत नाही. तुला मुलगा असता, तर फिलाग्रोसची, तुझ्या काकाची, छाती झाली नसती.

ख्रिसिला : मला क्लेइनो झाली.

मिका : मुलगी. तुझ्या बापालाही तीच झाली होती.

ख्रिसिला : बाबा यांना, हेर्मोनना, दत्तक घ्यायला तयार होते. तेवढ्यानं सगळं निभावलं असतं. पण यांना स्वतःच्या बापाचं नाव टाकवेना. म्हणाले, माझ्या वडिलांच्या थडग्यावर तेल कोण ओतेल?

मिका : थडग्यांची फार काळजी या पुरुषांना.

ख्रिसिला : अजून एक वाट आहे. वारशाचा द्राक्षमळा सोडून द्या, मी दावा सोडतो, असं काकाच म्हणालेत. हे विचार करताहेत.

मिका : काय म्हणतो विचार करून?

ख्रिसिला : सकाळपासून खाली लग्नाची घागर रंगवताहेत. नवरीच्या न्हाणाची, उंच मानेची. मी पाणी घेऊन गेले, तर मान वर केली नाही.

मिका : कुणाच्या लग्नाची, ते विचारलंस?

ख्रिसिला : गिऱ्हाइकांची नावं मी कशाला विचारू?

मिका : माझ्या.

ख्रिसिला : काय?

मिका : तेच सांगायला आले. तो दोरा सोड आधी, बोट कापेल. फिलाग्रोस मला काढणार, हे ठरल्यावर माझ्या भावाला घरात बसलेली बहीण नको होती. परवा तो इथं येऊन हेर्मोनशी माझं ठरवून गेला. माझ्याबरोबर ऑलिव्हची बाग येते. तुला ठेवलं तर मळा जातो, तुला सोडलं तर बाग येते. तुझ्या नवऱ्याला एवढं गणित येतं.

ख्रिसिला : परवा? परवा रात्रीच माझा हात धरून म्हणाले, काहीतरी मार्ग काढू.

मिका : काढला की.

ख्रिसिला : तुम्ही नाही म्हणा.

मिका : नाही म्हणायला कुणी विचारावं तर लागतं, पोरी.

ख्रिसिला : मग मी जाते न्यायाधिकाऱ्याकडे. सांगते, मला हे मान्य नाही.

मिका : तिथं बाईच्या वतीनं तिचा पुरुष बोलतो. तुझा पुरुष कोण, हेच तर अजून ठरायचंय.

ख्रिसिला : क्लेइनो बापाकडेच राहणार ना?

मिका : मूल बापाच्या घरचं. माझे दोघंही फिलाग्रोसकडे राहतील. म्हणजे तुझ्याकडे.

ख्रिसिला : ते मला काय म्हणतील?

मिका : धाकटा तोंडावर बोलेल. सुरुवातीला तुझ्या हातचं खाणार नाही. मारू नकोस, पानात अंजीर ठेव आणि बाजूला हो. थोरला काहीच बोलायचा नाही. त्याच्याकडे जास्त बघ.

ख्रिसिला : बघेन.

मिका : आणि तुझी?

ख्रिसिला : खाण्याचा त्रास नाही तिचा. पण झोपताना तिला कुणाच्या तरी कानाची पाळी धरावी लागते. कानातलं काढून ठेवत जा. तिला टोचतं.