भोंग्यावरची जुनी सवय

टीव्हीवर पुढारी एकमेकाले शिव्या देऊन राह्यले ना, का मले माझा पराक्रम आठवते! सेलूत तवा माझा लाउडस्पीकरचा धंदा होता अन् माइकवर बोलणाराही मीच. लग्न असो का गणपती, कोणाचंही नाव घेतलं का आधी ‘सन्माननीय’ लावाची जिभेले सवयच होती. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनल मलेच बोलवत. सकाळी एकाचा प्रचार, दुपारी दुसऱ्याचा, अन् दोघंही सन्माननीय!

पण एका साली हवाच फिरली. एका पॅनलच्या भाऊरावनं मले चिठ्ठी देल्ली. म्हणे, "जसंच्या तसं वाच." पाह्यतो त समोरच्या पॅनलच्या देवरावले चोर, लबाड, काय काय लिहिलं होतं!

मी म्हटलं, "भाऊ, आपल्या गावात माइकवरून असं कोणी बोललं नाई."

"आता असंच चालते. वाच!"

भर बाजारात भोंग्याचा ऑटो थांबवला, माइक धरला अन् सुरू झालो, "बंधू-भगिनींनो, सन्माननीय चोर श्री. देवरावजी यांनी..."

सारा बाजार खो-खो हासला! अन् पाह्यतो त भाजीची पिशवी घेऊन खुद्द देवरावच ऑटोकडे येऊन राह्यला! मनात म्हटलं, आता भोंगाही फुटते अन् मीही.

त्यानं आत हात घालून माझा खांदा धरला.

"गड्या," म्हणे, "पंधरा दिवसांत मले सन्माननीय म्हणणारा तूच एक भेटला!"